वरची लव्हडे, खालची लव्हडे

चॉकस्टन गावात लव्हडे आडनावाच्या दोनच बायका उरल्या होत्या आणि त्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. टेकडीवरच्या घरात राहायची ती वरची लव्हडे, ओढ्याकाठी राहायची ती खालची लव्हडे. पोस्टमन असंच म्हणायचा, दूधवाला असंच म्हणायचा, आणि नवीन आलेले पाद्री मिस्टर हेस्केथ पहिल्याच महिन्यात असंच म्हणायला लागले.

वरची म्हणजे विनिफ्रेड. जन्मानंच लव्हडे. लग्न केलं नाही. वडील गेल्यावर आईचं सगळं म्हातारपण तिनं एकटीनं काढलं. खालची म्हणजे म्युरिएल, विनिफ्रेडच्या भावाची, हॅरल्डची बायको. ती स्विंडनची, रेल्वेच्या कारखान्यातल्या माणसाची मुलगी. तिच्या लग्नाच्या दिवशी नवरीच्या डोक्यावरची जाळी नीट करता करता विनिफ्रेड म्हणाली होती, "आमचं नाव फार जुनं आहे बरं का. तुला आयतं मिळतंय, जपून वापर." म्युरिएल हसली होती. विनिफ्रेड मात्र थट्टा करत नव्हती. वडिलांनी लहानपणापासून सांगितलं होतं की लव्हडे हे कुणा सरदाराचं नाव, राजाबरोबर समुद्र ओलांडून आलेल्या. कुठला राजा, कुठला सरदार, हे विचारायची घरात पद्धत नव्हती.

चर्चमधली वेदीवरची वस्त्रं धुण्याचं काम विनिफ्रेडकडे होतं. एकतीस वर्षं. द्राक्षारसाचा डाग असो, मेणबत्तीचं मेण असो, तिच्या हाताखालून कापड गेलं की दुधासारखं व्हायचं. ती इस्त्री करताना तोंडानं प्रार्थना म्हणायची, त्यामुळे तिची इस्त्री कधी घाईची नसायची. "आमच्या अपराधांची क्षमा कर" हे वाक्य आलं की तिचा हात थोडा जोरात चालायचा. का, ते तिला ठाऊक होतं आणि देवाला.

भांडण झालं ते बाप्तिस्म्याच्या झग्यावरून. पणजीच्या लग्नाच्या पोशाखातून शिवलेला तो तलम पांढरा झगा, लेस लावलेला, बाळाच्या पायाखाली हातभर लोळेल इतका लांब. घरातलं प्रत्येक मूल त्यातच देवापुढे गेलेलं. विनिफ्रेड, हॅरल्ड, हॅरल्डचा मुलगा कॉलिन, सगळी. १९६८ साली आई गेली. दोनच महिन्यांनी कॉलिनला मुलगी झाली आणि म्युरिएलनं झगा मागितला. विनिफ्रेडनं पेटी उघडली. झगा नव्हता. सगळं घर पालथं घातलं. मग तिला आठवलं, आईच्या आजारपणात म्युरिएल चार दिवस घरी राहून गेली होती. एवढंच आठवलं, बाकी काही नाही. पण मनात एकदा खुंटी ठोकली की तिला अडकवायला कापड लागतंच.

पुढच्या रविवारी, प्रार्थना संपून माणसं बाहेर पडत असताना, चर्चच्या फाटकाशी ती मोठ्यानं म्हणाली, "आमच्या घरातून वस्तू नेल्या जातात आणि मग आमच्याकडेच मागितल्या जातात. स्विंडनला अशीच रीत असेल."

सगळं गाव तिथं होतं. म्युरिएलचा चेहरा कपाळापासून गळ्यापर्यंत लाल झाला. हॅरल्डचा हात धरून ती ओढ्याच्या वाटेनं उतरून गेली आणि त्या दिवसापासून टेकडी चढली नाही. हॅरल्ड यायचा. बहिणीचं कुंपण दुरुस्त करायचा, चिमणी साफ करायचा, पण उंबऱ्याच्या आत यायचा नाही. चहा बाहेर उभ्यानंच घ्यायचा.

सात वर्षांनी झगा सापडला.

पाहुण्यांच्या खोलीतला लोड गाठींचा झाला होता. पिसं उन्हात घालावीत म्हणून विनिफ्रेडनं शिवण उसवली, आत हात घातला, आणि हाताला लेस लागली. शेवटच्या वर्षी आई भ्रमिष्टासारखी झाली होती. चमचे उशीत लपवायची, साखर बुटात ठेवायची. तिनंच झगा लोडात घालून वरून शिवून टाकला होता. ते टाकेसुद्धा आईचे होते, वाकडे.

विनिफ्रेड पलंगावर बसली. खाली जाऊन म्युरिएलला सांगायचं, हे तिला लगेच सुचलं. कोट घातला. दारापर्यंत गेली. मग मनात आलं, उद्या सांगू, आज पाऊस आहे. उद्या रविवार होता, रविवारी कसं सांगणार? सोमवारी धुणं. मंगळवारी तिनं सुईदोरा घेतला आणि झगा होता तिथंच ठेवून लोड पुन्हा शिवला. तिचे टाके सरळ होते.

पुढच्या वर्षी कॉलिनला तिसरं मूल झालं, मुलगा. त्याचा बाप्तिस्मा दुकानातून आणलेल्या नायलॉनच्या झग्यात झाला. विनिफ्रेड तिसऱ्या बाकावर बसून बघत होती. त्यानंतर तीन वर्षांनी हॅरल्ड गेला. आपली बायको चोर नाही, हे तो जन्मभर म्हणत राहिला असेल; पण बहिणीच्या तोंडून ऐकायला मात्र उरला नाही.

झगा सापडल्यापासून अशी बारा वर्षं गेली.

१९८७च्या उन्हाळ्यात मिस्टर हेस्केथनी जाहीर केलं की चर्चला सातशे वर्षं होताहेत, तर सप्टेंबरात एक 'नावांचा रविवार' करायचा. गावातल्या जुन्या घराण्यांनी आपल्या आडनावाची कथा शोधून काढायची, कागदावर लिहायची आणि प्रार्थनेनंतर वाचायची. चर्चच्या नोंदवहीतलं सगळ्यात जुनं नाव लव्हडे, म्हणून शेवटचा मान विनिफ्रेडचा.

त्या दिवशी फाटकाशी सगळ्यांच्या जिभा सुटल्या.

"माझं सोपं आहे," मिसेस पार्जेटर म्हणाली. चर्चमधल्या फुलांची पाळी लावणं तिच्याकडे होतं. "पार्जेटर म्हणजे भिंतींना गिलावा करणारा."

"आणि तुझ्या नवऱ्याच्या न्हाणीघराला अजून ओल," चर्चचे कारभारी मिस्टर पुडेफॅट म्हणाले.

"तुम्ही नका बोलू. तुमच्या नावाचा अर्थ फुगलेलं पिंप. मी बघितलंय पुस्तकात."

मिस्टर पुडेफॅट काडीसारखे बारीक होते. त्यांनी आपल्या पोटाकडे खाली बघितलं. "पणजोबांनी सगळं खाऊन टाकलं. माझ्यापर्यंत काही आलंच नाही."

सगळे हसले. विनिफ्रेडही हसली आणि म्हणाली, "आमचे तर सरदार. पण बघते शोधून." थोड्या अंतरावर म्युरिएल उभी होती. ती हसली नाही.

गुरुवारी विनिफ्रेड बसनं सॉल्झबरीला गेली. वाचनालयातल्या मुलीनं आडनावांचा जाडजूड ग्रंथ काढून दिला आणि बोटानं जागा दाखवली. विनिफ्रेडनं चष्मा पुसून वाचलं.

सरदार नव्हता. कुणी राजाबरोबर आलेलं नव्हतं. लव्हडे म्हणजे प्रेमाचा दिवस. जुन्या काळी दोन घरांत, दोन शेजाऱ्यांत तंटा झाला, तर तो कोर्टात न नेता आपसात मिटवण्यासाठी एक दिवस ठरवत. दोन्ही पक्ष यायचे, बहुतेक वेळा चर्चमध्येच. मधली माणसं बसायची. ज्याचं जे घेतलं असेल ते परत करायचं, ज्याच्याबद्दल जे बोललं असेल ते चार माणसांत मागे घ्यायचं, आणि हात हातात घ्यायचा. त्या दिवसाचं हे नाव. अशा दिवशी जन्मलेल्या मुलांना तेच ठेवायचे, बहुतेक मुलींना. म्हणजे हे आडनाव आलं ते कुणा बाईच्या नावावरून.

तिनं पुन्हा वाचलं. कान तापले. समोरची मुलगी विचारत होती, "सापडलं का हवं ते?"

"हो," विनिफ्रेड म्हणाली. "सापडलं."

बसमध्ये ती खिडकीबाहेर तोंड करून बसली. शेजारी कुणी नव्हतं, तरीही. आपण हे नाव पासष्ट वर्षं मिरवलं, आणि ते नाव रोज दारावर, पाकिटावर, चर्चच्या फळ्यावर आपल्याला एकच गोष्ट सांगत होतं. आता ते सगळ्यांसमोर उभं राहून आपणच वाचून दाखवायचं. म्युरिएल दक्षिणेकडच्या बाकावर बसलेली असेल आणि आपण म्हणणार, ज्याचं जे घेतलं असेल ते परत करायचं!

नाहीच वाचायचं, असं तिनं ठरवलं. आजारी पडायचं. नावांच्या रविवारी तिची फुलांची पाळी होती, ती बदलून घ्यायची म्हणून ती शनिवारी मिसेस पार्जेटरकडे गेली. बाई घरी नव्हती. तिचा नवरा रेज बागेत बीन्स तोडत होता.

"ओट्यावर वही आहे बघा, निळी," तो म्हणाला. "तुमचं तुम्हीच बदलून टाका, मिस लव्हडे. मला त्यातलं काही कळत नाही, आणि हात लावला तर मार बसतो."

वही उघडली तर पुठ्ठ्याच्या आतल्याच बाजूला, मिसेस पार्जेटरच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'फुलांना वरची ल. आणि खालची ल. एकाच आठवड्यात कधीही नको. सुगीच्या जेवणात वरचीचे केक दाराशी, खालचीचे खिडकीशी. प्रार्थनेत एकमेकांना शांतीचा हात देताना पाद्रींनी आधी वरचीकडे जावे, मग फिरून दक्षिणेकडे. नवीन पाद्री आले की हे त्यांना पहिल्या आठवड्यात सांगणे.'

त्याखाली तीन पाद्रींची नावं होती, प्रत्येकापुढे बरोबरची खूण. शेवटचं हेस्केथ.

विनिफ्रेडला वाटत होतं की आपण वेळा सांभाळतो. आपण लवकर जातो, उत्तरेच्या बाजूला बसतो, नेमके म्युरिएल नसेल तेव्हा फुलं ठेवतो. एकोणीस वर्षं हे आपण किती बेमालूम जमवलं, याचा तिला थोडा अभिमानही होता. आणि खरं म्हणजे सगळं गाव तिच्याभोवती टेबलं सरकवत होतं, जसं घरात आजारी माणूस असला की सगळे पाय न वाजवता चालतात तसं. कुणी तिला कधी एक शब्द बोललं नव्हतं. ते आपल्या भल्या स्वभावामुळे, असं ती समजत आली होती.

"बदललं का?" रेजनं दारातून विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "राहू दे."

चालताना तिला कुणाच्याही घराकडे बघवेना. प्रत्येक खिडकीला ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं लोड उसवला. झगा पिवळा पडला होता, लेसमध्ये पिसं अडकलेली, एका बाहीवर तपकिरी डाग. तिनं तो थंड पाण्यात बुडवला. रात्रभर. रविवारी पाणी दोनदा बदललं. रविवारी ती कधी धुण्याला हात लावत नसे. त्या दिवशी लावला. सोमवारी पहाटे साबणाचा चुरा कोमट पाण्यात विरघळवून तिनं तो तळहातांत नुसता दाबला, चोळला नाही. डागावर लिंबू लावून हिरवळीवर उन्हात पसरला. दहा वाजता दोरीवर घातला.

सोमवार हा गावाच्या धुण्याचा दिवस. आणि टेकडीवरची ती दोरी चॉकस्टनच्या प्रत्येक स्वयंपाकघरातून दिसायची. हे विनिफ्रेडला ठाऊक होतं, म्हणूनच तिनं बाजूला दुसरं काही वाळत घातलं नाही. एवढ्या लांब दोरीवर एकच पांढरा झगा, वाऱ्यानं फुगलेला.

घरात येऊन ती चुलीशी बसली. म्युरिएलकडे खाली जाण्याचं धैर्य तिला झालं नाही, म्हणून हे केलं होतं. यालासुद्धा चोरपावलंच म्हणायची, असं तिच्या मनात येत होतं.

अकराला फाटक वाजलं. म्युरिएल आली होती. टेकडी चढून तिला धाप लागली होती, कमरेला अजून ॲप्रन होता आणि हातांना पीठ. ती घराकडे आली नाही, दोरीपाशी गेली. विनिफ्रेड बाहेर आली.

म्युरिएल लेसकडे बघत होती. हात लावला नाही, पिठाचे होते म्हणून.

"तोच आहे," ती म्हणाली.

"हो."

"कुठं होता?"

"लोडात. आईनं आत शिवून ठेवला होता."

म्युरिएलनं मान हलवली. तिचा आवाज थोडा मऊ झाला. "शेवटी शेवटी करायच्या खऱ्या तसं. माझे मोजे सापडले होते एकदा पाण्याच्या किटलीत." मग ती थांबून म्हणाली, "आत्ता सापडला म्हणजे."

आयतं दार उघडलं होतं. हो म्हटलं असतं तर सगळं निस्तरलं असतं. म्हातारीचा वेडेपणा, लोड, नशीब. गावानं टाळ्या वाजवल्या असत्या. विनिफ्रेडच्या ओठांवर 'हो' येऊनसुद्धा राहिलं होतं. समोर म्युरिएलचे पिठाचे हात होते, पासष्टीला आलेले, सांधे सुजलेले.

"नाही," ती म्हणाली. "बारा वर्षं झाली."

वाऱ्यानं झगा दोघींच्या मधे आला आणि बाजूला झाला.

"बारा," म्युरिएल म्हणाली. तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "म्हणजे धाकट्याच्या वेळी होता."

"होता."

"तू तिसऱ्या बाकावर होतीस. निळी टोपी घालून."

"हो."

"आणि हॅरल्ड? हॅरल्ड होता तेव्हा."

विनिफ्रेडनं नुसती मान डोलावली. कुठं बघावं ते कळेना, म्हणून ती गवताकडे बघत राहिली.

"आता कुणाला घालायचा तो?" म्युरिएल म्हणाली. "कॉलिनची तिन्ही पोरं मोठी झाली. धाकटा अकरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो." तिनं ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

"म्युरिएल, मला क्षमा कर. मी रोज—"

"इथं नको." म्युरिएल रागावली नव्हती. दमल्यासारखी बोलली. "इथं कोण आहे ऐकायला? तू फाटकाशी म्हणाली होतीस, विनिफ्रेड. सगळ्यांसमोर. तुझं ते स्विंडन मी एकोणीस वर्षं घेऊन फिरतेय." फाटकापर्यंत जाऊन ती वळली. "आणि लेस सावलीत घाल. पिवळी पडेल पुन्हा."

विनिफ्रेडनं झगा सावलीत घातला.

नावांच्या रविवारी चर्च भरलं होतं. आदल्या दिवशी विनिफ्रेडनं फुलं ठेवली होती. पाळी तिचीच होती. झगा इस्त्री करून, पातळ कागदात गुंडाळून तिच्या मांडीवर होता. गिलाव्याची कथा झाली. पिंपाची कथा झाली, आणि मिस्टर पुडेफॅटनी बाजूनं उभं राहून दाखवल्यावर लोक खळखळून हसले. मग मिस्टर हेस्केथ म्हणाले, "आणि आता आपलं सगळ्यात जुनं नाव."

ती उठली. तिनं कागद वेदीच्या कठड्यावर टेकवला. सरदार नाही, हे तिनं सांगितलं. तंट्याचा दिवस, मधली माणसं, परत करणं, मागे घेणं, हातात हात, सगळं वाचलं. कागद तिथं संपला. लोकांना वाटलं झालं, दोघातिघांनी टाळ्यासुद्धा सुरू केल्या.

"अजून आहे," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"एकोणीस वर्षांपूर्वी या चर्चच्या फाटकाशी मी माझ्या भावजयीला चोर म्हटलं. तुम्ही बरेच जण तिथं होता. तिनं काही घेतलं नव्हतं. झगा माझ्या घरात होता. बारा वर्षांपूर्वी तो मला सापडला आणि मी तो परत शिवून ठेवला, कारण मला लाज वाटली. माझा भाऊ गेला तेव्हाही मी बोलले नाही. आणि स्विंडनबद्दल जे बोलले ते..." तिनं दक्षिणेच्या बाकाकडे बघितलं. "ते मी मागे घेते."

मिसेस पार्जेटर आपल्या मांडीवरच्या पर्सकडे बघत होती. विनिफ्रेड दक्षिणेच्या बाजूला चालत गेली. त्या बाजूची फरशी तिच्या पायांच्या ओळखीची राहिली नव्हती. तिनं गुंडाळी म्युरिएलपुढे धरली. म्युरिएलनं ती घेतली आणि शेजारी बाकावर ठेवली. हात पुढे केला नाही. विनिफ्रेड थोडं थांबली, मग आपल्या जागी परत आली. मिस्टर हेस्केथनी भजनाचा आकडा सांगितला, आणि सगळे नेहमीपेक्षा मोठ्यानं गायले.

नंतर मागच्या दालनात चहा होता. विनिफ्रेडला सरळ घरी जायचं होतं, पण ते पळून जाणं झालं असतं, म्हणून ती भिंतीशी उभी राहिली. माणसं तिच्याजवळून जाताना हवेबद्दल बोलत होती. मिस्टर पुडेफॅटनी तिचा कोपर हलकेच दाबला आणि ते पुढे गेले.

चहाच्या पिंपाशी त्या दिवशी म्युरिएलची पाळी होती. ती कप भरत होती, देत होती. रांग संपल्यावर तिनं आणखी एक कप भरला, दोन चमचे साखर घातली, ढवळला, आणि दालन ओलांडून भिंतीशी आली.

"हा तुझा," ती म्हणाली. डोळे कपावरच होते. "दोन चमचे."

विनिफ्रेडनं दहा वर्षांपूर्वी एका उपवासाच्या महिन्यात साखर सोडली होती, ती परत घेतली नव्हती. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. खालच्या लव्हडेला कोण सांगणार?

"हो," ती म्हणाली. "दोन."

म्युरिएल तिथंच उभी राहिली, कप परत न्यायचा म्हणून. विनिफ्रेडनं तो गोड चहा एक थेंब न ठेवता, अगदी तळापर्यंत प्यायला.